स्ट्रॅटची गुणगुण जात नाही: पिकअप बदलू, नॉइज गेट घेऊ की आणखी काही?

तारतम्य

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे. पण अर्धवट माहिती दिली की "आधी नीट सांग" असं ऐकावं लागतं, म्हणून सगळंच लिहितो.

गिटार इलेक्ट्रिक, स्ट्रॅटोकास्टर म्हणजे स्ट्रॅट पद्धतीची. तारांचं कंपन पकडणारे तीन सिंगल कॉइल पिकअप, त्यांतला कुठला चालू ठेवायचा त्यासाठी पाच खटक्यांचा स्विच. अँप वीस वॉटचा, सॉलिड स्टेट, आठ इंची स्पीकर. मधे दोन पेडल, एक ओव्हरड्राइव्ह (आवाज वाढवून फाडणारा) आणि एक डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारा), दोन्ही एकाच नऊ व्होल्टच्या अडॅप्टरवर, फाटे फुटलेल्या वायरने. घर सदाशिव पेठेत, जुनी इमारत, पहिला मजला. खोलीत ट्यूबलाइट, पंखा, राउटर, लॅपटॉप. ज्या भिंतीला टेकून मी वाजवतो तिच्या पलीकडे जिन्यात सगळ्या बिऱ्हाडांचे मीटर आहेत.

आता दुखणं. क्लीनवर सहन होतं. ओव्हरड्राइव्ह दाबला की नोटपेक्षा गुणगुणच मोठी. तारांना किंवा त्या जिथे टेकतात त्या ब्रिजला हात लावला की बरीच कमी होते, हात उचलला की परत हजर. स्विच दुसऱ्या किंवा चौथ्या खटक्यावर असला तर जवळजवळ शांत. पहिला, तिसरा, पाचवा हे तिघे ओरडतात. खुर्ची खिडकीकडे फिरवली की फरक पडतो. पंखा तीनवर असला की वर एक चरचर येते, पाचवर केला की ती जाते. डिले जोडला की बारीक शिट्टी. लाइट जाऊन इन्व्हर्टर सुरू झाला की तर विचारू नका.

आमच्या ड्रमरचं म्हणणं: "अँपच्या प्लगची वरची जाड पिन काढून टाक, नाहीतर टू-पिनचा कन्व्हर्टर लाव, माझ्या भावाच्या अँपचा हम असाच गेला." दुकानदार म्हणाला हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा, गुणगुण मारणारा पिकअप बसवा. कॉलेजातला एक जण म्हणतो आतून तांब्याची पट्टी चिकटव. माझं बजेट तुम्हाला कळलंच असेल.

हां, आणि पावसाळ्यात अनवाणी बसलो असलो की कधी कधी ब्रिजवर मनगटाला बारीक झिणझिण्या येतात. पण ते चालतं, सवय झालीय.

डेसिबल_दादा

नॉइज गेट घे. विषय संपला. मी दोन वर्षं वापरतोय, सुई पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता.

डाखवाला

दादा, गेट तू वाजवत नसतोस तेव्हा दार लावतो. वाजवायला लागलास की दार उघडं आणि गुणगुण नोटच्या मागून आत. शिवाय लांब धरलेला सूर विरत आला की गेट त्याची मान मुरगळतो. हाय गेनवर, म्हणजे आवाज भरपूर फाडून वाजवताना, सगळं बाकी नीट झाल्यावर, शेवटचा हात म्हणून गेट ठीक. त्याआधी नाही.

तारतम्य, तू शेवटी जाता जाता लिहिलेली ओळ मी सर्वांत आधी घेतो. झिणझिण्या "चालत" नाहीत. त्याचा अर्थ तुझ्या अँपच्या पत्र्यावर, पर्यायाने गिटारच्या तारांवर, जमिनीच्या तुलनेत व्होल्टेज आहे. आज ते गळतीचं आहे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या किंवा अडॅप्टरच्या आतल्या कपॅसिटन्समधून झिरपणारं, करंट नगण्य. म्हणून तू प्रश्न विचारायला शिल्लक आहेस. उद्या अँपच्या आत एखादी वायर सुटून पत्र्याला टेकली तर त्याच वाटेने पूर्ण २३० येतील, आणि ती वाट बंद करायला तुझ्याकडे अर्थिंग नाही, असा माझा संशय आहे. प्लगवर जाड पिन आहे एवढ्याने अर्थिंग असतं असं नाही. जुन्या पेठांत मी असे किती बोर्ड उघडले असतील, तिसऱ्या भोकामागे वायरच नसते.

ड्रमरला माझा नमस्कार सांग आणि पिनला हात लावू नकोस. पिन काढून हम कधी कधी जातो हे खरं आहे, खोटं कशाला सांगू. दोन उपकरणं दोन वाटांनी अर्थला जोडलेली असतात, त्यांच्यात लूप होतो, एक वाट तोडली की लूप मोडतो. पण तोडायची ती वाट सिग्नलची; जीव वाचवणारी नव्हे. त्यासाठी ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स, म्हणजे सिग्नलच्या वाटेत जोडायची डबी, मिळतो, त्यावर ग्राउंड लिफ्टचा खटका असतो, तो सुरक्षित आहे. 'स्टोन द क्रोज'चा गिटारिस्ट लेस हार्वी १९७२ साली वेल्समधल्या स्वॉन्झीत, स्टेजवर, अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून गेला. 'यार्डबर्ड्स'चा गायक कीथ रेल्फ १९७६ साली स्वतःच्या घरी, नीट अर्थिंग नसलेली गिटार वाजवताना गेला. दोघेही तिशीच्या आसपासचे.

मी ऑर्केस्ट्रांबरोबर साउंडवर बरीच वर्षं फिरलो. जत्रेत जनरेटर असायचा. गिटारचा अँप एका बोर्डावर, गाण्याचा मिक्सर दुसऱ्या टोकाच्या बोर्डावर, आणि जनरेटरला अर्थिंगचा रॉड ठोकायचा कुणाला कंटाळा. गिटारवाला कोरस गायला माइकपाशी आला की ओठाला ठिणगी. माणूस झटका खाऊन मागे सरकायचा आणि पब्लिकला वाटायचं नाचतोय. आम्ही पुढे नियमच केला: ज्याला हात आणि ओठ एकाच वेळी लागणार ते सगळं एकाच बोर्डावरून, आणि रॉड ठोकून त्यावर पाणी ओतल्याशिवाय अँप चालू नाही.

आता तपासणी. दोन-तीनशे रुपयांचा पिवळा मल्टिमीटर आण. एसी व्होल्ट, ७५० ची रेंज. सॉकेटमध्ये तुझ्याकडे तोंड करून बघितलं तर वरचं मोठं भोक अर्थ, उजवं फेज, डावं न्यूट्रल असायला हवं. फेज-न्यूट्रल २३० च्या आगेमागे. फेज-अर्थ जवळपास तेवढंच. न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट, फार तर थोडे जास्त. फेज-अर्थ शंभर-सव्वाशे असं काहीतरी अधांतरी आलं तर अर्थ लोंबकळतोय. आणि न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य, घरातला गीझर चालू केला तरी शून्यच, तर कुण्या महाभागाने सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून "अर्थिंग करून दिलं" असण्याची दाट शक्यता. हे सगळ्यांत वाईट. न्यूट्रल कुठे तुटला की तुझ्या अँपचा पत्रा थेट फेज.

मीटरच्या पिना धरताना धातूला बोट नको, पायात चप्पल घाल. ही कामं कधी केली नसतील तर आधीच इलेक्ट्रिशियनला बोलव, त्यात कमीपणा नाही. आणि फेज ते अर्थ बल्ब लावून बघायचा तो जुना प्रकार तू करू नकोस. अर्थ लोंबकळत असेल तर त्या बल्बमधून घरातल्या प्रत्येक पत्र्यावर करंट सोडल्यासारखं होतं; तुझी आई त्याच वेळी फ्रिज उघडत असेल.

आकडे इथे टाक, मग गिटारकडे वळू. तोवर अँप बंद.

तारतम्य

काका, हादरलोच. मीटर शेजारच्या काकांकडे होता, तेच सोबत उभे राहिले. फेज-न्यूट्रल २३४. फेज-अर्थ ११०, पण आकडा नाचतोय. न्यूट्रल-अर्थ साठच्या आसपास, तोही नाचतोय. स्वयंपाकघरातल्या सॉकेटला मात्र फेज-अर्थ २३३ आणि न्यूट्रल-अर्थ दीड.

डाखवाला

म्हणजे इमारतीला अर्थिंग आहे, घरात आलंय, तुझ्या खोलीपर्यंत पोचलेलं नाही. स्वस्तात सुटलास. भिंतीवरच्या वायरिंगच्या पट्टीत मागाहून काढलेला पॉइंट असेल, दोनच वायरी ओढलेल्या. इलेक्ट्रिशियनकडून मेन बोर्डापासून हिरवी वायर ओढून घे. त्याच फेरीत बोर्डावर ३० मिलिअँपची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, आहे का विचार, नसेल तर घरच्यांना समजावून बसवून घे. गिटारपेक्षा ती महत्त्वाची. आणि खाली कुठे अर्थिंगचा खड्डा आहे का हेही बघा. कोळसा-मीठ घालून पाइप पुरलेला असतो आणि नंतर त्यावर कुणीतरी दुचाकी लावायला फरशी घालतो.

साठ_हर्ट्झ

मी न्यू जर्सीत असतो, घर नाशिकचं. दोन्हीकडे वाजवल्यामुळे एक गंमत सांगतो. इथे मेन्स, म्हणजे घरातली वीज, साठ हर्ट्झ, भारतात पन्नास. एकच गिटार घेऊन येतो-जातो, तर नाशिकला तिची गुणगुण खालच्या सुरात लागते! पेटीवर धरून बघितलं तर पन्नास म्हणजे खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर, आणि साठ म्हणजे काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोब्बर मधे, कुठल्याच पट्टीत बसत नाही. म्हणजे निदान भारतातला हम जरा तरी सुरेल म्हणायचा.

माझाही एक प्रश्न घुसवतो, माफ करा. इथला १२० व्होल्टचा ट्यूब अँप नाशिकला आणलाय. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालवतो. इथे शांत असणारा अँप तिथे घुमतो. अँप खराब झाला का?

डाखवाला

साठ, तुमचं निरीक्षण कामाचं आहे, मी तेच सांगणार होतो. तारतम्य, सहाव्या तारेचा तिसरा पडदा दाब, तो जी, ९८ हर्ट्झ. तुझी गुणगुण त्याच्या जवळ आणि जराशी चढी लागली तर ती शंभर. त्याच्या एक सप्तक खाली असेल तर पन्नास. शंभर हा बहुतेक अँपच्या आतला, एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायरनंतरचा. म्हणजे फिल्टर कपॅसिटर थकलेत असा अर्थ निघू शकतो. पन्नास बाहेरून, पिकअप, केबल, लूप यांतून येतो. मात्र तुझा आठ इंची स्पीकर पन्नास धड वाजवतच नाही, तुला त्याचे वरचे स्वरच जास्त ऐकू येणार. तेव्हा कानावर सगळा भरवसा टाकू नकोस. सोपी कसोटी वेगळी: अँपमधून केबल पूर्ण काढ. गुणगुण राहिली तर अँपची. गेली तर केबल लाव, गिटारचा व्हॉल्यूम शून्य कर. आता आली तर केबल किंवा पेडल. शून्यावर शांत आणि वाढवल्यावर येते, तर गिटारमधली.

साठ, तुमच्याकडे बघू. पहिलं, तो ट्रान्सफॉर्मर अँपपासून आणि गिटारपासून जमेल तितका लांब ठेवा. त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र असतं आणि सिंगल कॉइल ते झेलायलाच बसलेली असते. अँपवरच ठेवला असेल तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. दुसरं, अँपचा पॉवर ट्रान्सफॉर्मर फक्त साठ हर्ट्झसाठी बेताने बनवलेला असेल तर पन्नासवर त्याचा गाभा जास्त भरतो, जास्त तापतो, जास्त घुमतो. अर्ध्या तासाने हात जवळ नेऊन अंदाज घ्या. अँपच्या मागच्या पट्टीवर ५०/६० छापलं असेल तर ही काळजी सोडा. तिसरं आणि महत्त्वाचं, बाजारातले बरेच स्टेप-डाउन दोन पिनांचे असतात, अर्थ पुढे जातच नाही. तीन पिनांचा आणि अर्थ आरपार असलेला घ्या. ट्यूब अँप उघडून बघू नका. बंद करून प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरवर तीनशे-चारशे व्होल्ट बसून राहिलेले असू शकतात.

साठ_हर्ट्झ

अँपवरच ठेवला होता. खाली फरशीवर, वायर पुरेल तितका दूर नेला. निम्म्याहून जास्त गेला! मागे ५०/६० छापलेलं आहे. तीन पिनांचा शोधतो. आभार.

तारतम्य

इलेक्ट्रिशियन येऊन गेले. बोर्ड उघडल्यावर तिसऱ्या भोकामागे खरंच काही नव्हतं. मेन बोर्डापासून वायर ओढली, आता फेज-अर्थ २३२. आरसीसीबी पुढच्या महिन्यात, बाबा तयार आहेत. झिणझिण्या पूर्ण गेल्या. चरचरही थोडी कमी वाटते.

केबल काढली, अँप शांत. व्हॉल्यूम शून्य, शांत. वाढवला की येते. पण पंख्याची चरचर, डिलेची शिट्टी, आणि तारांना हात लावल्यावर पडणारा फरक, हे आहेच. मग आता हंबकर?

डाखवाला

थांब, पाकीट खिशात ठेव. तुझ्या गिटारला एक नाही, दोन दुखणी आहेत, आणि त्यांची औषधं एकमेकांना चालत नाहीत. लोक इथेच गोंधळतात: पट्टी चिकटवतात आणि "काही उपयोग झाला नाही" म्हणतात, किंवा हंबकर बसवतात आणि चरचर तशीच.

पहिलं दुखणं चुंबकीय. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती हजारो वेढ्यांची बारीक तार. गिटारच्या तारेच्या कंपनाने बदललेलं क्षेत्र ती पकडते आणि भिंतीपलीकडच्या मीटरमधून, ट्रान्सफॉर्मरमधून, ट्यूबच्या जुन्या चोकमधून निघणारं पन्नास हर्ट्झचं क्षेत्रही तेवढ्याच प्रेमाने पकडते. खुर्ची फिरवल्यावर फरक पडतो तो याचाच. आणि दुसरा-चौथा खटका शांत, हा तर कबुलीजबाब. त्या दोन जागी दोन पिकअप एकदम चालतात आणि मधला उलट गुंडाळलेला, उलट चुंबकाचा असतो. तारेचा सिग्नल दोघांत बेरीज होतो, बाहेरची गुणगुण वजाबाकी होते. गिब्सनमध्ये सेथ लव्हरने हंबकर बनवला आणि १९५५ साली पेटंटसाठी अर्ज केला, त्यातलं तत्त्व हेच. म्हणजे तुझ्या गिटारमध्ये पाचपैकी दोन जागी हंबकरचा गुण फुकट बसवलेला आहे.

तांब्याची पट्टी या दुखण्याला काहीही करत नाही. पन्नास हर्ट्झचं क्षेत्र अडवायला तांबं मिलिमीटरांत लागतं. त्या वारंवारितेला तांब्यात ते साधारण नऊ मिलिमीटर आत गेल्यावर कुठे तिसऱ्या हिश्शावर येतं. तुझी पट्टी कागदाएवढी.

दुसरं दुखणं विद्युत क्षेत्राचं. भिंतीतल्या वायरी, पंख्याचा रेग्युलेटर, एलईडीचे ड्रायव्हर, हे हवेतून तुझ्या अंगावर व्होल्टेज चढवतात. तू गिटारला चिकटून बसलेला अँटेना आहेस. आतल्या उघड्या वायरींना तू ते पुरवतोस. तारांना हात लावलास की तू ग्राउंडला जोडला जातोस आणि पुरवठा थांबतो. म्हणून हात लावल्यावर कमी होणं ही चांगली खूण आहे, ब्रिजची ग्राउंड वायर शाबूत आहे. हात लावल्यावर *वाढलं* असतं तर ती वायर तुटलीय किंवा जॅकच्या दोन वायरी उलट्या जोडल्यात असं म्हटलं असतं. या दुखण्याला पट्टी हमखास लागू.

रेग्युलेटरचं वेगळं सांगायला नको. तीनवर चरचर आणि पाचवर नाही, म्हणजे ट्रायॅकवाला. तो प्रत्येक अर्ध्या लहरीचा लचका तोडतो, त्यातून वरचे स्वर उडतात. खटक्यांचा कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवून घे, चार-पाच पायऱ्यांचा मिळतो, चरचर जाईल. इन्व्हर्टर बहुधा स्क्वेअर वेव्ह असणार. तो बदलायचा असेल तेव्हा साइन वेव्हचा बघा, तोवर लाइट गेली की अकूस्टिक वाजव.

शिट्टी डिलेची. डिजिटल पेडलच्या आतलं घड्याळ सामायिक वायरीवरून ओव्हरड्राइव्हमध्ये शिरतं आणि तो बिचारा इमानदारीने मोठं करतो. डिलेला वेगळा अडॅप्टर दे. ध्रुव बघून घे, मधली पिन निगेटिव्ह. पुढे पैसे आले की आयसोलेटेड पॉवर सप्लाय.

रंकाळा_रिफ

पट्टीचं मी सांगते, गेल्या दिवाळीत माझ्या गिटारला केलंय, कोल्हापुरात घरीच.

तारा काढ, पिकगार्ड (पिकअप बसवलेली पुढची पाटी) उचल, आणि कशालाही हात लावायच्या आधी वायरिंगचे भरपूर फोटो काढ. नंतर "ही पांढरी कुठली" म्हणत बसायची वेळ येत नाही. खाचांच्या तळाला आणि भिंतींना पट्टी, तुकडे एकमेकांवर बोटभर चढवून. वरच्या काठावर दोन-तीन ठिकाणी पट्टी बाहेर दुमडून ठेव, म्हणजे पिकगार्डच्या मागच्या पट्टीला ती टेकते. पिकगार्डच्या मागे पूर्ण. मग मीटर बीपवर ठेवून कुठूनही कुठे टोक लाव, बीप आलाच पाहिजे. नाही आला तर पट्टीचा गोंद करंट सोडत नाहीये, सांध्यांवर डाखाचा एकेक थेंब दे. पट्टीचा घेर एका वायरीने व्हॉल्यूमच्या पॉटच्या (बटणाखालच्या गोल भागाच्या) पाठीला जोड.

जॅकच्या खाचेत जपून. प्लग घातल्यावर जॅकची लांब पट्टी बाहेर ढकलली जाते आणि तांब्याला टेकते, गिटार मुकी. तिथे तांब्यावर इन्सुलेशन टेप लाव. कडा हाताला कापतात, लई धारदार असतात.

एका दुपारचं काम आहे. खरं सांगायचं तर चहा धरून दुपार आणि संध्याकाळ. चरचर गेली, हात लावल्या-न लावल्याचा फरक अगदी थोडा राहिला. बारीक घूं मात्र होती तेवढीच आहे. काकांनी वर लिहिलंय ते वाचून आता कळलं का ते.

डाखवाला

ताई, छान सांगितलंत. फक्त एक भर: पॉटच्या पाठीला डाख देताना पंचवीस वॉटचं सोल्डरिंग आयर्न धरून बसू नका. पाठ मोठी, उष्णता पिते, आणि तोवर आतला कार्बनचा ट्रॅक भाजतो. चाळीस ते साठ वॉटचं, टोक स्वच्छ, पाठ पॉलिश पेपरने घासून, दोन-तीन सेकंदांत काम उरकायचं.

डेसिबल_दादा

बरं बाबा, गेट शेवटी. पण हंबकरचं काय ठरलं? सगळे मूळ प्रश्न विसरले.

डाखवाला

विसरलो नाही. माझं मत: बदलू नको. सिंगल कॉइलचा तो टणत्कार हवा म्हणूनच स्ट्रॅट घेतात, हंबकरने तो जाड होतो. नॉइजलेस म्हणून एकावर एक कॉइल रचलेले पिकअप मिळतात, त्यांत सूर बराचसा राहतो, पण चांगले स्वस्त नाहीत आणि स्वस्त चांगले नाहीत. हाय गेनला दुसरा-चौथा खटका वापर. लीडला ब्रिज पिकअप एकटाच हवा असेल तर मीटरच्या भिंतीपासून हल. भिंतीपासून दोन-तीन हात पुढे आलास तरी क्षेत्र झपाट्याने पडतं. खोलीच्या दुसऱ्या बाजूला बस आणि गुणगुण सर्वांत कमी असेल तो कोन शोधून खुर्ची तिथे रोव. मेटलच वाजवायचं असं ठरलं तर फक्त ब्रिजला सिंगल कॉइलच्या मापाचा हंबकर बसव, बाकी दोन राहू देत.

तारतम्य

रेग्युलेटर बदलला, चरचर गायब. डिलेला वेगळा अडॅप्टर, शिट्टी गायब. खुर्ची खिडकीपाशी नेली. एवढ्यानेच ओव्हरड्राइव्हवर वाजवता येतंय. पट्टी रविवारी.

एक राहिलं. रेकॉर्डिंगला गिटार ऑडिओ इंटरफेसमध्ये (लॅपटॉपला जोडणाऱ्या पेटीत) घालतो तेव्हा लॅपटॉप चार्जरवर असला की वेगळा आवाज येतो, माउस हलवला की तोही हलतो. चार्जर काढला की शांत. याला पण पट्टी?

डाखवाला

नाही. चार्जरचा प्लग दोन पिनांचा असेल तर लॅपटॉप अधांतरी आहे आणि चार्जरची घाण यूएसबीवाटे इंटरफेसच्या ग्राउंडवर येतेय. खूण अशी की वाजवताना लॅपटॉपच्या धातूला हात लावला की आवाज बदलेल. त्याच कंपनीचा तीन पिनांचा चार्जर मिळतो का बघ. आता तुझ्या सॉकेटला अर्थ आहे, त्याचा उपयोग होईल. तीन पिनांचाच असेल, आणि अँपची लाइन आउटही इंटरफेसला जोडलेली असेल, तर हा लूप, त्याला मधे डीआय बॉक्स. काहीच जमलं नाही तर टेक घेताना चार्जर काढ, गाणं चार-पाच मिनिटांचं असतं, बॅटरी तेवढी टिकते.

तारतम्य

दोन पिनांचाच आहे. धातूला हात लावला की बदलतो. शोधतो. आणि काका, तांब्याची पट्टी पुण्यात कुठे? ऑनलाइन मिळते ती गार्डनिंगची आहे म्हणे, गोगलगायींसाठी.

डाखवाला

गोगलगायींची पण चालते, सांध्यांवर डाख द्यावा लागेल एवढंच. हाताने निवडून घ्यायची असेल तर बुधवार पेठेत जा, पासोड्या विठोबाच्या आसपास, तपकीर गल्लीत विचारत फिर. दुकानदार "गोंद कंडक्टिव्ह आहे" असंच म्हणणार. मीटर खिशात घेऊन जा. पट्टीचे दोन तुकडे कापून एकावर एक चिकटव, एक पिन खालच्यावर, एक वरच्यावर. बीप आला तर घे. रविवारी मात्र बरीच दुकानं बंद असतात, शनिवारीच उरक. आणि चिकटवून झाल्यावर जॅकच्या खाचेचा फोटो इथे टाक, तारा चढवायच्या आधी.